एक लाइन, फोन-फॅक्स-मोडेम आणि आजोबांची वही

तुमच्यापैकी जे पेट देऊन आता सिनॉप्सिसच्या तयारीला लागले असतील, त्यांच्यासाठी आज माझ्याच एका चुकीबद्दल लिहिते आहे. चूक लहान नव्हती. सिनॉप्सिसमधलं एक आख्खं वाक्य तिच्यामुळे खोडावं लागलं, आणि खरं सांगायचं तर ते वाक्य मला फार आवडत होतं.

माझा विषय मुंबईतल्या चाळींमधला टेलिफोन. साधनांच्या शोधात सगळीकडे हिंडून झाल्यावर सगळ्यात मोठं साधन सापडलं ते घरातच, फणसवाडीतल्या आमच्या जुन्या खोलीतल्या माळ्यावर. ज्यांना गिरगाव माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: ठाकुरद्वारहून भुलेश्वरकडे जाताना चिराबाजाराच्या मागे जी गल्ल्यांची गुंतवळ आहे, त्यात फणसवाडी. बाहेरच्या माणसाला ती व्यंकटेशाच्या देवळामुळे माहीत असते. आमची खोली दुसऱ्या मजल्यावर. समोर सामाईक गॅलरी, टोकाला नळ आणि संडास, आणि मजल्यावर आमच्याकडे एकट्यांकडेच फोन. तो १९८३ साली आला, अर्ज केल्यानंतर काही वर्षांनी.

आजोबा गिरणीत टाइमकीपर होते. त्यामुळे फोन आला त्याच आठवड्यात त्यांनी शेजारी एक वही बांधून ठेवली. सुतळीने पेन्सिलही बांधली. शेजारच्या कोणी फोन केला की तारीख, वेळ, खोली नंबर, कुठे लावला आणि किती पैसे दिले, हे सगळं त्यात. वेळ लिहायची कुणाला काही गरज नव्हती. पण ज्या माणसाने तीस वर्षं दुसऱ्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहिल्या, तो ती कशी सोडेल? (डायलला छोटं पितळी कुलूपही होतं. मजल्यावरच्या पोरांना मात्र क्रेडलची बटणं टकटक दाबून नंबर लावता यायचा. जुना फोन आकडा पाठवायचा तोच मुळी लाइन तितक्या वेळा तोडून-जोडून, त्यामुळे कुलूप डायलला लागायचं, लाइनला नाही. हे फोन अर्थातच वहीत नाहीत.)

आता थोडी पार्श्वभूमी. मुंबईत टेलिफोन एक्सचेंज सुरू झालं १८८२ साली, खासगी कंपनीकडून. सरकारने बॉम्बे टेलिफोन कंपनी ताब्यात घेतली १९४३मध्ये, आणि १ एप्रिल १९८६ला मुंबई-दिल्लीचा कारभार एमटीएनएलकडे गेला. या सगळ्या काळाची अधिकृत मोजदाद एकाच एककात होते: जोडणी. १९९४चं राष्ट्रीय दूरसंचार धोरण काढून वाचा. देशात दर शंभर माणसांमागे साधारण ०.८ फोन, जगाची सरासरी १०. चालू जोडण्या सुमारे ८० लाख आणि प्रतीक्षा यादीत सुमारे २५ लाख. १९९७पर्यंत शहरात दर ५०० माणसांमागे एक पीसीओ द्यायचा, असंही त्यात म्हटलं आहे. म्हणजे अनेकांनी मिळून एक फोन वापरायचा ही गोष्ट सरकारला ठाऊक होती, पण ती फक्त पीसीओच्या रूपात. आमच्या गॅलरीत जे चालायचं त्याला त्या हिशेबात रकाना नव्हता.

लोकांनी मात्र त्यासाठी शब्द केला होता: पी.पी. मूळ ट्रंक कॉलच्या भाषेतला, ‘पर्टिक्युलर पर्सन’, म्हणजे अमुक माणूस लाइनवर आला तरच बोलणार. पण आपल्याकडे त्याचा अर्थ झाला शेजाऱ्यांचा नंबर. व्हिजिटिंग कार्डावर, नोकरीच्या अर्जावर, लग्नपत्रिकेवर नंबर छापायचा आणि पुढे कंसात पी.पी. लिहायचं. फोन करणाऱ्याने ‘जरा चौदा नंबरवाल्यांना बोलावता का’ म्हणायचं, आणि उचलणाऱ्याने गॅलरीत येऊन हाक मारायची. आमच्या एका नंबरावर अशी किती कुटुंबं होती ते मी अजूनही ठामपणे सांगू शकत नाही. डिरेक्टरीत आजोबांचं एकट्याचं नाव.

मी वहीतल्या नोंदी महिन्यानुसार मोजल्या आणि आलेख काढला. १९८४पासून चढत गेलेली रेघ १९९६च्या शेवटी घसरू लागते आणि २००१ला वही संपते. झालं! मी सिनॉप्सिसमध्ये लिहिलं: ‘नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात जोडण्या सहज मिळू लागल्या आणि चाळींमधला सामाईक फोन संपुष्टात आला.’ धोरण, प्रतीक्षा यादी, माझी वही, सगळं एकमेकांना दुजोरा देत होतं. असं सगळंच जुळून आलं की जरा सावध व्हायचं असतं, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

गाइडनी दोनच प्रश्न विचारले. पहिला: ‘यात आलेले फोन आहेत का?’ नव्हते. आलेल्या फोनला पैसे नाहीत, मग नोंद कशाला? म्हणजे मी ज्याला ‘फोनचा वापर’ म्हणत होते तो फक्त बाहेर जाणारा, पैसे पडणारा वापर होता. दुसरा प्रश्न: ‘वेळ लिहिली आहे, ती तू वापरलीस कुठे?’ वापरलीच नव्हती. तो रकाना मला आजोबांची सवय वाटली होती, माहिती वाटली नव्हती.

मग तासांप्रमाणे मोजायला बसले. शेजाऱ्यांनी स्वतःचे फोन घेतले असते तर नोंदी सकाळी, दुपारी, रात्री सारख्याच कमी व्हायला हव्या होत्या. तसं झालं नव्हतं. १९९६च्या शेवटापासून घसरण होती ती सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळेत. रात्रीच्या नोंदी बराच काळ पूर्वीसारख्याच होत्या. १९९९पासून मात्र रात्री दहानंतरच्या नोंदी जवळजवळ नाहीशा होतात. नेमक्या त्या वेळेच्या, जेव्हा उशिराचे दर स्वस्त म्हणून लोक मुद्दाम थांबून एसटीडी लावायचे.

आत्याला आलेख दाखवला. तिने तो नीट बघितलाही नाही. ‘दिवसा फॅक्स, रात्री इंटरनेट. लाइन मोकळी होती कुठे?’

इथे जरा थांबून यंत्रांबद्दल बोलायला हवं. तंत्रज्ञानाचा इतिहास करायचा तर यंत्र आतून कसं चालतं हे थोडं तरी समजून घ्यावं लागतं, ‘आम्ही आर्ट्सवाले’ म्हणून सुटका नाही.

एक्सचेंजपासून आपल्या घरापर्यंत येतात तांब्याच्या दोन तारा. लाइनमनच्या भाषेत ‘पेअर’. रस्त्यावरच्या पिलरमधून चाळीच्या भिंतीवरच्या डीपीत, तिथून जिन्याच्या कडेने खोलीत, खोलीत रोझेटच्या डबीत. रिसिव्हर खाली असताना या तारांवर सुमारे ४८ व्होल्टचा दाब असतो, पण प्रवाह वाहत नाही. रिसिव्हर उचलला की वाहायला लागतो, आणि एक्सचेंजला कळतं की इथे कोणीतरी उचलला. एवढंच कळतं. फोनने उचलला, फॅक्सने की मोडेमने, हे एक्सचेंजला समजायला काही मार्ग नाही. बेल वाजते तेव्हाही एक्सचेंज लाइनवर वेगळा, जास्त दाबाचा विद्युतप्रवाह सोडतं आणि त्या लाइनला समांतर जोडलेलं प्रत्येक यंत्र एकदम वाजतं. जो आधी उचलेल त्याचा फोन.

माणसामाणसांत हे चालून जातं, कारण माणूस ‘कोण पाहिजे?’ असं विचारतो. यंत्रांनाही विचारता येतं, पण त्यांची भाषा वेगळी. पाठवणारं फॅक्स मशीन लाइन लागली की ११०० हर्ट्झचा अर्ध्या सेकंदाचा सूर काढतं, तीन सेकंद थांबतं, पुन्हा काढतं. घेणारं मशीन २१०० हर्ट्झच्या लांब सुराने उत्तर देतं. मग दोघं वेग ठरवतात आणि कागद निघू लागतो. सगळ्या जगातली मशीनं एकमेकांशी बोलू शकली ती या पद्धतीचं आंतरराष्ट्रीय प्रमाण १९८०मध्ये ठरलं म्हणून. या सुरावरून फोन की फॅक्स हे ओळखणारी सोयही होती. मशीन स्वतः उचलतं, सूर ऐकू आला तर कागद घेतं, नाही आला तर आपलीच बेल वाजवून घरच्यांना बोलावतं. कागदावर उत्तम. पण मशीनने उचललं त्या क्षणी समोरच्याचं मीटर सुरू! देवगडच्या एसटीडी बूथमध्ये लाल आकडे पळताना बघत उभ्या असलेल्या माणसाला वाटणार की बेल वाजतेय, अजून कोणी उचललं नाही. पैसे मात्र पडतायत. शिवाय अनेक जण फॅक्सही हातानेच पाठवायचे: आधी बोलायचं, मग ‘टोन द्या’ म्हणायचं, मग इकडच्याने स्टार्टचं बटण दाबून फोन ठेवायचा. अशा वेळी पाठवणाऱ्याच्या मशीनचा सूर यायचाच असं नाही, मग ओळखणार काय?

मोडेम तर फारच नाजूक. फोनच्या लाइनवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा आवाजासाठी असतो. मोडेम त्याच पट्ट्यात आकड्यांचे आवाज करून ठेवतं, म्हणजे तेवढा वेळ बोलायला जागाच उरत नाही. त्यात कोणी आतल्या खोलीतला समांतर फोन उचलला की संपलं. कॉल वेटिंगची टीं अशी शिटी आली तरी कनेक्शन तुटू शकायचं, म्हणून नेटवर बसताना लोक ते बंद करून ठेवायचे. मग बाहेरून फोन करणाऱ्याला तासन्‌तास एंगेज.

आमच्याकडे ही यंत्रं आली काकामुळे. कांदेवाडीत, म्हणजे खाडिलकर रोडला, लग्नपत्रिकांची दुकानं आहेत हे गिरगावकरांना सांगायला नको. काका त्यातल्या काहींसाठी खोलीत बसून डीटीपी करायचा. मजकूर जुळवायचा, प्रूफ काढायचं, गिऱ्हाइकाला दाखवायचं. गिऱ्हाईक नाशिकचं असेल तर? १९९५च्या १५ ऑगस्टला व्हीएसएनएलने मुंबईत इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं होतं, पण काकाने घेतला फॅक्स. मला हे मागासलेपण वाटायचं. त्याने कारण सांगितलं तेव्हा जरा ओशाळले. तेव्हा मराठी म्हणजे युनिकोड नव्हतं. श्रीलिपीत केलेली फाइल तोच फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडली की ‘चि. सौ. कां.’च्या जागी भलतीच रोमन अक्षरं दिसायची. फॅक्स अक्षरं पाठवतच नाही, कागदाचं चित्र पाठवतो, त्याला काय मराठी आणि काय चिनी! नव्वदच्या दशकात मराठी मजकूर लांब पाठवायचा तर फॅक्स हाच बिनचूक रस्ता होता. मोडेम आलं १९९९ला, खासगी कंपन्यांना परवानगी मिळून दर उतरू लागल्यावर, आणि तेही मुख्यतः इंग्रजी पत्रव्यवहारासाठी.

दुसरी लाइन का नाही घेतली? डिपॉझिट, भाडं, आणि पागडीच्या दहा बाय बारात दुसरं टेबल कुठे, एवढंच उत्तर. मग एका लाइनचं वेळापत्रक झालं. दिवसा फॅक्स ऑटोवर. काका जेवायला किंवा कांदेवाडीत गेला की दोन रिंगांनंतर मशीन आपोआप उचलायचं. आजी फोनपर्यंत पोचेपर्यंत तिसरी रिंग झालेली असायची.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं तिकडे येते. खोली नंबर चौदामध्ये राहणाऱ्या मावशींशी मी मुलाखतीसाठी बोलले. (नाव देत नाही. त्यांनी द्यायला हरकत नाही म्हटलं होतं, पण शेजाऱ्यांच्या बाबतीत संमतिपत्रावर सही असली तरी दोनदा विचार करावा असं माझं मत आहे.) १९९७मध्ये त्या बी.कॉम. होऊन नोकरी शोधत होत्या. अर्जावर आमचा नंबर, पुढे पी.पी. एका कंपनीने मुलाखत घेतली आणि ‘दोन दिवसांत फोन करू’ म्हटलं. दोन दिवस त्या दुपारच्या खालीसुद्धा उतरल्या नाहीत. फोन वाजला नाही, किंवा वाजला आणि बंद झाला. शेवटी त्याच कंपनीत गेल्या. तिथल्या बाईंनी सांगितलं, ‘तीनदा लावला. शिट्टी वाजते तुमच्याकडे.’ जागा भरली होती.

‘तुझ्या काकाला मी काही बोलले नाही,’ मावशी म्हणाल्या. ‘फोन तुमचा. आम्ही काय बोलणार?’

हे ऐकल्यावर माझ्या सिनॉप्सिसमधलं वाक्य मला वाचवेना. सामाईक फोन ‘संपुष्टात’ आला नव्हता. ज्यांच्या नावावर लाइन नव्हती त्यांना यंत्रांनी रांगेत मागे ढकललं होतं, आणि आलेखात दिसत होतं ते हेच ढकलणं. माझ्याच वहीत त्यांचा हा फोन नाही, असूही शकत नाही, कारण तो आलेला फोन होता; वर तो लागला, उचलला गेला, कंपनीच्या बिलात चढलाही असेल. मोजदादीच्या दृष्टीने तो यशस्वी कॉल!

पण आठवणही तपासावी लागते. मावशींच्या सांगण्यातलं साल मी फॅक्सच्या खरेदीपावतीशी ताडून पाहिलं. पावती नोव्हेंबर १९९६ची, म्हणजे बसतं. दुपारच्या नोंदींची घसरण तिथूनच सुरू होते, हेही बसतं. अमेरिकेतल्या टेलिफोनवर क्लॉड फिशर यांचं ‘अमेरिका कॉलिंग’ (१९९२) हे पुस्तक आहे, ते जरूर वाचा. तिथे खेड्यांत एका लाइनवर अनेक घरं असायची, आणि कंपन्यांना जो वापर क्षुल्लक वाटायचा, म्हणजे बायकांच्या गप्पा, तो वापर खरा किती महत्त्वाचा होता हे ते फार बारकाईने दाखवतात. मला त्यातून एक धडा मिळाला, की यंत्र कोणासाठी बनवलं यापेक्षा लोकांनी ते कशासाठी वापरलं ते बघावं. फक्त फिशर यांच्या लाइनवर भांडण माणसामाणसांत होतं, आमच्या लाइनवर तिसऱ्या पक्षाला कान होते आणि समज नव्हती.

एक कोडं मात्र उरलं होतं. वहीच्या समासात १९९७नंतर अधूनमधून ‘फॅ. बं.’ असं लिहिलेलं आहे. मी त्याचा अर्थ लावला होता ‘फॅक्स बंद पडला’, आणि प्रकरणाच्या कच्च्या मसुद्यात ‘यंत्राची अविश्वसनीयता’ असा ऐटीत परिच्छेदही लिहिला होता. दुरुस्तीच्या पावत्या काढल्या तर त्या दोनच. समासातल्या नोंदी कितीतरी जास्त. तारखा मांडून पाहिल्या: जूनमध्ये दहावीच्या निकालाच्या आसपास, गणपतीत, आणि मे महिन्यात काही सलग दिवस. यंत्र सणवार बघून बिघडतं का?

मावशींकडे पुन्हा गेले, या वेळी वही घेऊन. त्या समास बघत राहिल्या, मग उठून कपाटातून एक पत्रिका काढून आणली. त्यांच्याच लग्नाची, मे १९९९. काकाने जुळवलेली, कांदेवाडीत छापलेली. खाली आमचा नंबर, पुढे पी.पी. म्हणजे नोकरी गेली त्यानंतर दोन वर्षांनीसुद्धा त्यांनी हाच नंबर दिला होता.

‘आठवडाभर गावचे फोन यायचे ना,’ त्या म्हणाल्या. ‘माझे वडील तुझ्या आजोबांकडे गेले होते सांगायला. त्या दिवसांत मशीनची पिनच काढून ठेवायचे ते. तुझा काका कुरकुरायचा.’

त्या आठवड्याचं पान उघडलं. समासात आजोबांच्या अक्षरात ‘फॅ. बं.’ आणि त्याच्या खाली, इतकी वर्षं मी ज्याला पानाचा क्रमांक समजत होते, ते ‘१४’.